एकतिसाव्या घरातले दाणे

शतरंजच्या पटाची आणि गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, अशी दुप्पट करीत चौसष्ट घरे भरून द्या, एवढेच बक्षीस सिस्सा नावाच्या हिंदी पंडिताने राजाकडे मागितले. राजाची कोठारे रिकामी होण्याची वेळ आली, पण पट काही भरेना. तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न खल्लिकान याने आपल्या चरित्रकोशात ही कथा दिली आहे. त्याच्याही अडीचशे वर्षे आधी अल-बिरुनीने ‘आसारुल बाकिया’ या ग्रंथात साऱ्या पटावरच्या दाण्यांचा हिशेब मांडला होता. तो आकडा वीस अंकी आहे: १८४४६७४४०७३७०९५५१६१५.

गोष्ट सांगणारे नेहमी शेवटच्या घराकडे धाव घेतात. मला मात्र या लेखात मधल्याच एका घरापाशी थांबायचे आहे. चौथ्या ओळीतले सातवे, म्हणजे एकतिसावे घर. पहिल्या घरापासून तिथवरचे सगळे दाणे एकत्र केले तर ते होतात २,१४,७४,८३,६४७, म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. गणिताच्या भाषेत, दोनाचा एकतिसावा घात उणे एक. या ढिगाचे सारखे वाटे करायचे म्हटले तर ते होतच नाहीत. एकेक दाणा वेगळा ठेवा, नाहीतर सगळा ढीग एकालाच द्या. अशा संख्येला मराठीत मूळ संख्या म्हणतात. मी उर्दू माध्यमात शिकवते, आमच्या पुस्तकात तिला ‘मुफरद अदद’ म्हणतात आणि जिचे वाटे होतात तिला ‘मुरक्कब’. मुफरद म्हणजे एकटा, सुटा. हा शब्द मला फार आवडतो.

घराघरापर्यंतच्या बेरजा लिहून पाहा: १, ३, ७, १५, ३१, ६३, १२७. यातल्या ३, ७, ३१, १२७ या मुफरद आहेत; त्या दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या घराच्या बेरजा. घराचा क्रमांक मुरक्कब असेल तर बेरीजही मुरक्कबच येते, हे सिद्ध करता येते. पण घराचा क्रमांक मुफरद असला की बेरीजही मुफरद असेलच, असे नाही. अकराव्या घराची बेरीज २०४७, आणि ती २३ गुणिले ८९ निघते. चौसष्ट घरांच्या पटावर अशी मुफरद बेरजेची घरे फक्त नऊ आहेत: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१ आणि ६१. एकोणिसाव्या घरानंतर एकदम एकतिसावे. माणसाला हे अंतर ओलांडायला पाचशेहून अधिक वर्षे लागली, आणि ही हकिकत बगदादच्या रस्त्यानेच जाते.

या संख्यांचा माग पहिल्यांदा कोणी आणि कशासाठी काढला? त्याचे कारण होते ‘कामिल’ संख्या, मराठीत परिपूर्ण संख्या. सहाला १, २ आणि ३ ने भाग जातो आणि त्यांची बेरीजही सहाच होते. २८ चे भाजक १, २, ४, ७, १४, बेरीज २८. ग्रीक लोकांना अशा चार संख्या ठाऊक होत्या: ६, २८, ४९६, ८१२८. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या युक्लिडने त्या तयार करण्याची रीत सिद्ध केली. एखाद्या घरापर्यंतची बेरीज मुफरद असेल, तर तिला त्या घरातल्या दाण्यांनी गुणा, कामिल संख्या मिळेल. तिसऱ्या घरापर्यंतची बेरीज ७, घरात दाणे ४, गुणाकार २८. म्हणजे मोठी मुफरद बेरीज सापडली की मोठी कामिल संख्या आपोआप हाती येते.

युक्लिडनंतर चारशे वर्षांनी, इसवी सन १०० च्या सुमारास, निकोमाखस नावाच्या लेखकाने अंकगणितावर एक पुस्तक लिहिले. चार कामिल संख्या पाहून त्याने थेट नियम सांगून टाकले. एक अंकी एक, दोन अंकी एक, तीन अंकी एक, चार अंकी एक. म्हणजे पुढेही प्रत्येक टप्प्यावर एकेकच असणार. शेवटचा अंक आळीपाळीने सहा आणि आठ येणार. सिद्धता काही दिली नाही. पण पुस्तक सोपे आणि गोड होते, त्यामुळे युरोपात कित्येक शतके लोक हेच नियम घोकत राहिले.

नवव्या शतकात बगदादमध्ये ही दोन्ही पुस्तके अरबीत आली. युक्लिडचा इसहाक बिन हुनैन याने केलेला तर्जुमा साबित बिन कुर्रा याने तपासून सुधारला आणि निकोमाखसचा तर्जुमा स्वतः केला. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडच्या जलशांत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत ती कोणी सांगत नाही. इसहाक ख्रिस्ती होता आणि साबित हर्रानचा साबिई पंथीय. त्यांच्यामुळे बगदादची शान कमी होत नाही. मला तर ती वाढल्यासारखी वाटते. वक्ते मात्र सगळ्यांना एकाच रांगेत उभे करून ‘आपले’ म्हणून मोकळे होतात.

साबितने आणखी एक मोठे काम केले. २२० च्या भाजकांची बेरीज २८४ होते आणि २८४ च्या भाजकांची २२०. अशा जोडीला अरबीत ‘मुतहाब्बा’ म्हणतात, एकमेकांवर प्रेम करणारे. या जोड्या शोधण्याचा नियम साबितने सिद्धतेसह दिला. त्याच नियमाच्या आधारे कमालुद्दीन फारसी याने तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सांध्यावर १७२९६ आणि १८४१६ ही जोडी मांडली. फ्रान्समध्ये फर्माला तीच जोडी १६३६ मध्ये नव्याने सापडली. पण हा वेगळा रस्ता आहे, आपण एकतिसाव्या घराकडे वळू.

निकोमाखसला पहिला स्पष्ट नकार अबू मन्सूर बगदादीकडून आला. याचा मृत्यू १०३७ चा. ‘अल-फर्क बैनल फिरक’ हा इस्लामी पंथांवरचा त्याचा ग्रंथ आपल्या आलिमांच्या ओळखीचा आहे. तोच हा माणूस, आणि तो हिशेबावरही लिहीत असे. त्याने स्पष्ट लिहिले की प्रत्येक टप्प्यावर एक कामिल संख्या असते हे म्हणणे चूक आहे, दहा हजार ते एक लाख या दरम्यान अशी संख्याच नाही. शेवटचा अंक सहा किंवा आठ येतो, एवढे मात्र त्याने मान्य केले. पाचवी कामिल संख्या आठ अंकी आहे: ३,३५,५०,३३६. एवढ्या प्रसिद्ध पुस्तकातले वाक्य खोटे ठरवायला त्याला काय लागले? हिशेब करून पाहणे, बस. फिक्हमधल्या तकलीदच्या वादात मला शिरायचे नाही, तो माझा प्रांत नाही. पण गणितात तकलीद चालत नाही, तहकीकच लागते, हे एका धर्मशास्त्र्याने हजार वर्षांपूर्वी करून दाखवले आहे.

त्याच काळात कैरोमध्ये इब्न अल-हैसम होता. प्रकाशशास्त्रामुळे त्याचे नाव सर्वांना माहीत आहे, टॉलेमीवर शंका घेणारे पुस्तक लिहिणाराही तोच. त्याने एक कोडे सोडवले: २, ३, ४, ५, ६ यांपैकी कशानेही भागले तर एक उरावा आणि ७ ने भागले तर काहीच उरू नये, अशी संख्या कोणती? त्याची रीत अशी की सातच्या आधीच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करा, ७२० येतील. त्यात एक मिळवा, ७२१. आणि ७२१ म्हणजे ७ गुणिले १०३. सातच्या जागी कोणतीही मुफरद संख्या घेतली तरी असेच घडते, हे त्याने सांगितले. मुरक्कब घेतली तर असे घडत नाही: नऊच्या आधीच्या संख्यांचा गुणाकार ४०३२०, त्यात एक मिळवून नऊने भागा, एक उरतोच. आज या गोष्टीला विल्सनचे प्रमेय म्हणतात. ते वॉरिंग या इंग्रज गणितज्ञाने १७७० मध्ये आपल्या विद्यार्थ्याच्या नावाने छापले आणि लाग्रांजने १७७१ मध्ये सिद्ध केले. नाव हैसमचे हवे होते, हे मीही म्हणते. पण त्याने सिद्धता दिली नव्हती आणि लाग्रांजने दिली, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. शिवाय ही कसोटी दिसायला जितकी सुंदर तितकीच वापरायला जड आहे. आपल्या संख्येवर ती लावायची तर दोन अब्जांहून अधिक संख्यांचा गुणाकार करीत बसावे लागेल.

आता तेराव्या शतकातल्या इब्न फल्लूसकडे येऊ. या माणसाचे नाव आपल्या वक्त्यांनाही ठाऊक नसते. त्याने दहा कामिल संख्यांचा तक्ता दिला. त्यातल्या पहिल्या सात अचूक आहेत! पाचवी वर आलीच. सहावी ८५८९८६९०५६ आणि सातवी १३७४३८६९१३२८. सहावीच्या शेवटीही सहाच, म्हणजे निकोमाखसचा आळीपाळीचा नियमही कोसळला. सातवी संख्या एकोणिसाव्या घरातून येते. पुढच्या तीन मात्र चुकल्या. खरी आठवी संख्या एकतिसाव्या घरातली आहे. इब्न फल्लूस तिच्या उंबरठ्यापर्यंत आला होता.

तो का चुकला, याचा मी बराच विचार केला. मला वाटते, संख्या बनवण्याची रीत त्याच्याकडे होती, पण ती मुफरद आहे की नाही हे तपासण्याची जलद रीत नव्हती. लहान आकड्यांवर भागून पाहता येते. आकडा अब्जावर गेला की तपासणीचे काम डोंगराएवढे होते, मग माणूस अंदाजाने लिहितो, आणि अंदाज तक्त्यात बसला की सत्यासारखाच दिसतो.

युरोपातही वेगळे घडले नाही. बोलोन्याच्या कताल्दीने १६०३ च्या पुस्तकात सतराव्या आणि एकोणिसाव्या घराच्या बेरजा, १३१०७१ आणि ५२४२८७, एकेका मुफरद संख्येने भागत खऱ्याखुऱ्या तपासल्या. मग त्याच जोरावर २३, २९, ३१ आणि ३७ ही घरेही त्याने मुफरद ठरवून टाकली. चारांपैकी एकच बरोबर निघाले, ३१. पुढे १६४४ मध्ये पॅरिसच्या मर्सेन नावाच्या धर्मगुरूने यादी दिली. तिच्यात ३१ होते, पण ६१ सुटले होते, आणि पटाबाहेरची ६७ व २५७ ही घरे चुकीची होती. आज या संख्यांना मर्सेनचे नाव आहे. दुनियेचा हिशेब असा आहे.

तपासणीचे काम हलके केले ते फर्माने, १६४० मध्ये. त्याच्या लक्षात आले की मुफरद क्रमांकाच्या घराची बेरीज फुटली, तर तिचे भाजक वाटेल ते नसतात. घराच्या क्रमांकाची दुप्पट करा. भाजकाला त्या दुपटीने भागले की नेहमी एकच उरतो. अकराव्या घरासाठी बावीस: २३ म्हणजे बावीस अधिक एक, ८९ म्हणजे चार बावीसे अधिक एक. आता कताल्दीचे तेविसावे घर घ्या. बेरीज ८३,८८,६०७ आणि दुप्पट ४६. पहिलाच उमेदवार ४७, आणि ४७ ने पूर्ण भाग जातो! पहिल्याच घावात घर पडले. सदतिसावे २२३ ने पडले. एकोणतिसावे ऑयलरने १७३८ मध्ये २३३ ने पाडले. एकतिसावे तेवढे पडेना.

‘पडेना’ म्हणजे मुफरद आहे असे नव्हे. भाजक अजून सापडला नाही आणि भाजक नाहीच, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर्गात मुलींना हा फरक समजावताना माझा अर्धा तास जातो, आणि तो वाया गेला असे मला कधी वाटले नाही.

लिओनार्ड ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता. १७७१ मध्ये त्याचे घर आगीत जळाले आणि त्याच वर्षी डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर उरलीसुरली नजरही जवळपास गेली. अशा स्थितीत बर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने एकतिसाव्या घराचा निकाल कळवला. १७७२ मध्ये तो बर्लिनच्या अकादमीकडून प्रसिद्ध झाला.

त्याची रीत पाहण्यासारखी आहे. संख्येचे दोन भाजक जोडीने येतात, आणि जोडीतला लहान भाजक वर्गमुळापेक्षा मोठा असू शकत नाही. इथे वर्गमूळ ४६,३४० च्या थोडे पुढे आहे. तिथवरच्या मुफरद संख्या पावणेपाच हजारांच्या वर भरतात. तेवढे भागाकार कागदावर करायचे म्हटले तर कोणीही हात टेकील. पण फर्माच्या नियमाने भाजकाला ६२ ने भागल्यावर एक उरला पाहिजे. शिवाय दुसरा एक नियम असा की आठाने भागल्यावर एक किंवा सातच उरले पाहिजेत. दोन्ही एकत्र धरले की २४८ च्या प्रत्येक पट्टीत दोनच जागा शिल्लक राहतात: एक उरतो ती आणि त्रेसष्ट उरतात ती. साऱ्या मैदानात मिळून उमेदवार उरले फक्त ३७२. त्यातलेही बहुतेक स्वतः मुरक्कब, म्हणजे तेही बाद. २४९ ला तीनने भाग जातो, सोडा. पहिला खरा उमेदवार ३११. भागून पाहा: भागाकार ६९,०५,०९२ आणि बाकी ३५. गेला. पुढचा १३०३. हे असे शेवटच्या उमेदवारापर्यंत. एकही लागू पडला नाही. म्हणून २,१४,७४,८३,६४७ ही मुफरद संख्या आहे. अंदाजाने नव्हे, यादीत आहे म्हणूनही नव्हे. इब्न फल्लूसच्या तक्त्यातली आठवी जागा खऱ्या अर्थाने तेव्हा भरली: २३०५८४३००८१३९९५२१२८.

ऑयलरने आणखी एक जुना प्रश्न मिटवला. प्रत्येक सम कामिल संख्या युक्लिडच्याच रीतीने येते का? इब्न अल-हैसमने कित्येक शतके आधी याला हात घातला होता, पण सिद्धता पुरी झाली नव्हती. ऑयलरने ती पुरी केली. छापली गेली त्याच्या मृत्यूनंतर, १८४९ मध्ये.

यापुढे बरीच वर्षे कोणी फिरकले नाही. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिले की एकतिसाव्या घरातून येणारी कामिल संख्या हीच सर्वांत मोठी राहील. या गोष्टी केवळ गमतीच्या आहेत, उपयोग काही नाही, तेव्हा याच्या पुढे कोण जाणार? बार्लो मला परका वाटत नाही. मुलगा किंवा मुलगी गणित घेऊ म्हणाली की ‘त्याचा उपयोग काय?’ असे विचारणारे बार्लो आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

लोक पुढे गेलेच. १८७६ मध्ये फ्रान्सच्या ल्युकाने भागाकार न करताच तपासायची रीत काढली. तिचे आजचे सुटसुटीत रूप असे: चारपासून सुरू करा, वर्ग करा, दोन वजा करा आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, मग त्या बाकीवर तेच पुन्हा. ३१ साठी करून पाहा: ४ चे १४, १४ चे १९४, बाकी ८, ८ चे ६२, बाकी शून्य. शून्य आले, म्हणजे मुफरद. घराच्या क्रमांकातून दोन वजा केले की जो आकडा येतो तेवढ्याच पायऱ्या लागतात. ज्या एकतिसाव्या घरासाठी ऑयलर उमेदवारांची छाननी करीत बसला, त्याला एकोणतीस पायऱ्या पुरतात. १८८३ मध्ये उरल भागातल्या पेर्वुशिन या रशियन पाद्र्याने एकसष्टावे घर मुफरद असल्याचे दाखवले. पटावरचे शेवटचे घर मिळाले.

आणि उपयोग? संगणक एकक आणि शून्यांत मोजतो. बत्तीस घरांची एक पट्टी धरा. एक घर अधिक-उणे या खुणेसाठी, बाकीच्या एकतीस घरांत एकेक. ही पट्टी पूर्ण भरली की होतात बरोबर २,१४,७४,८३,६४७. पुष्कळ जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पट्टीत मोजतात. ती १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. ज्या यंत्रांत तोवर दुरुस्ती झाली नसेल, ती पुढच्या सेकंदाला डिसेंबर १९०१ दाखवतील. या गोष्टीचा मुफरद असण्याशी मात्र काही संबंध नाही. बेरीज मुरक्कब असती तरी हेच झाले असते. लेखक लोक इथे उगाच चमत्कार पाहतात.

मुफरद असण्याचा खरा उपयोग दुसरीकडे झाला. संगणकाला चिठ्ठ्या टाकल्यासारख्या संख्या हव्या असतात. सात घ्या आणि तीनने गुणत, सातने भागून बाकी ठेवत चला: १, ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. सगळ्यांची पाळी एकेकदा आली. सातच्या जागी मुरक्कब आठ घेतले तर १, ३, १, ३ एवढ्यातच गाडी फिरत राहते. आयबीएमच्या संशोधकांनी १९६९ मध्ये सातच्या जागी आपली दहा अंकी संख्या घेतली आणि गुणक १६,८०७. एकही संख्या पुन्हा न येता २,१४,७४,८३,६४६ पाळ्या मिळतात. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी तीच रीत किमान दर्जाची म्हणून सुचवली. पुढे तिच्याहून चांगल्या रीती आल्या, पण बार्लोचे उत्तर तेवढ्यात मिळून गेले होते.

पट आता चौसष्ट घरांचा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट या अमेरिकी तरुणाच्या खटपटीतून सापडलेले बावन्नावे घर क्रमांक १३,६२,७९,८४१ चे आहे. पण तपासणीत अजून ल्युकाची पायरी आहेच. त्या घरापर्यंतच्या दाण्यांचा आकडा ४,१०,२४,३२० अंकी आहे. पानावर हजार अंक बसवले तरी तो उतरवायला शंभर पानी चारशे अकरा वह्या लागतील. अशी घरे कुठे संपतात की संपतच नाहीत, याची सिद्धता अजून कोणाकडेही नाही.